फुकटची योजना की अठरा हजारांची पॉलिसी?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. घरात आजी (74), बाबा (59), आई (55), मी (32), बायको आणि दोन लेकरं, त्यात धाकटी चौदा महिन्यांची. रेशनकार्ड केशरी. बाबांना सहा वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. ओळखीच्या एका एजंटानं आजीला सोडून बाकी घराची पाच लाखांची आरोग्य पॉलिसी सांगितली. हप्ता 18,000, वर जीएसटी 3,240, म्हणजे वर्षाला 21,240. ‘फॉर्मवर शुगर लिहू नका, हप्ता वाढते’ असंही तो म्हणाला. मी 2,000 रुपये देऊन ठेवले, बाकीचे कापसाच्या चुकाऱ्यातून देणार होतो. घरचे म्हणतात सरकारी योजना फुकट आहे, पैसे कशाले घालवता? पण गावात एकाला योजनेत असूनही दवाखान्यानं पैसे मागितले. त्या योजनेचा खरंच उपयोग होतो का, की सरकार नुसतं विमा कंपनीचं घर भरते? त्यापेक्षा तालुक्याला चांगला दवाखाना बांधला असता तर?

– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ, ही पॉलिसी यंदा घेऊ नका. तुमच्या घराला सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पाच लाखांचं संरक्षण आधीच आहे. ते वेळेवर कामी येईल अशी तयारी करायला फार तर दोन दिवसांची धावपळ आणि थोडे झेरॉक्सचे पैसे लागतील. चुकाऱ्यातले पैसे कुठे घालायचे तेही पुढे सांगतो.

आधी एजंटाचा कागद बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी शून्य आहे. म्हणजे ते 3,240 रुपये हिशेबात यायलाच नकोत. एजंट जुन्या दराचा कागद घेऊन फिरत असेल किंवा दुसरं काही असेल, पण पहिल्याच ओळीत चूक असलेल्या कागदावर सही करू नये.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शुगर लपवून घेतलेली पॉलिसी पहिल्या मोठ्या क्लेमला फेटाळली जाते. दवाखान्यात भरती होताना डॉक्टर विचारतात, ‘शुगर किती वर्षांपासून?’ बाबा खरं सांगणार, ‘सहा वर्षं’, आणि ते केस पेपरवर लिहिलं जाणार. विमा कंपनी तोच कागद मागवते. फॉर्मवर ‘आजार नाही’ असेल तर क्लेम बंद, भरलेले हप्ते गेले, आणि ऑपरेशनचं बिल तुमच्या हातात. आता शुगर खरी लिहिली तर काय होतं? आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावू शकते. तीन वर्षांत तुम्ही 54,000 रुपये भरणार आणि ज्या आजाराची खरी भीती आहे, म्हणजे शुगरमुळे होणारा हृदयाचा, किडनीचा किंवा पायाचा त्रास, त्यालाच त्या काळात पैसा मिळणार नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांनाही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं.

आता तुमच्याकडे आधीच काय आहे ते पाहू. महाराष्ट्रात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना पुढे तिच्याशी जोडली गेली. सुरुवातीला मर्यादा दीड लाख होती. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती कुटुंबामागे वर्षाला पाच लाख केली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट काढून राज्यातल्या सगळ्यांना आत घेतलं. तुमच्या गावात कुणी अजून ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला नाही मिळत’ म्हणत असेल तर त्याला सांगा. यवतमाळ जिल्ह्यात तर पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारावर आधीही मिळत होतं.

यात प्रतीक्षा नाही. बाबांची सहा वर्षांची शुगर इथे अडवत नाही. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची केमो आणि शेक (रेडिएशन), मोडलेलं हाड, व्हेंटिलेटर लागणारा सर्पदंश किंवा फवारणीची विषबाधा, असे मोठा खर्च आणणारे आजार यादीत आहेत. पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या रकमेत, जनरल वॉर्डातला बेड, डॉक्टर, भूल, रक्त, औषधं, इम्प्लांट, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि सुटी झाल्यावर घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. सुटीनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणीही त्यातच. जे येत नाही तेही ऐका. बाहेरची ओपीडी, रोजच्या गोळ्या, सोबत राहणाऱ्या माणसाचं जेवण आणि त्याची बुडालेली मजुरी यात बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, खासगीत ते योजनेतून होत नाहीत.

आता तुमचा मोठा प्रश्न, की यानं खरंच फरक पडतो का. याचं चांगलं उत्तर शेजारच्या कर्नाटकातून मिळालं. तिथे 2010 मध्ये राज्याच्या उत्तर भागात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी मोठ्या आजारांचे उपचार मोफत झाले, दक्षिण भागात ते तेव्हा नव्हते. अभ्यासकांनी हद्दीच्या अलीकडची 300 आणि पलीकडची 272 सारख्या परिस्थितीतली गावं घेतली आणि घरोघर विचारलं. 2014 मध्ये निकाल छापून आला. योजनेत येणाऱ्या आजारांनी झालेले गरिबांचे मृत्यू योजना नसलेल्या गावांत 0.90 टक्के, योजना असलेल्या गावांत 0.32 टक्के. त्याच गावांतल्या बरी परिस्थिती असलेल्यांमध्ये, ज्यांना योजना लागू नव्हती, असा फरक दिसला नाही. मोठ्या दवाखान्यात भरती झाल्यावर गरिबांच्या खिशातून जाणारा पैसाही कमी झाला. ज्या पैशात हे झालं त्या मानानं हा फायदा मोठा आहे.

पण दुसरं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर आम्ही योजनेचे प्रचारक ठरू. 2008 मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती. 30 रुपयांत कार्ड, वर्षाला 30,000 रुपयांचं संरक्षण, कुटुंबातले पाच जण. देशपातळीवर आकडे तपासले तेव्हा लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चात म्हणावी तशी घट सापडली नाही. कारण साधं आहे. 30,000 मध्ये हृदयाचं ऑपरेशन होत नाही, आणि गरिबाचा पैसा सगळ्यात जास्त जातो तो औषधांच्या दुकानात, ते दुकान विम्याच्या बाहेर होतं. विमा स्वस्त की महाग हे त्याच्या हप्त्यावरून ठरत नाही. घर बुडवणारा खर्च तो अडवतो का, एवढं बघायचं.

तुमचा दवाखान्याचा मुद्दाही चुकीचा नाही. योजनेचं कार्ड घरोघर पोचतं, पण हृदयाचा किंवा मेंदूचा डॉक्टर घाटंजीत येत नाही. पेशंट यवतमाळ, वर्धा, सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरलाच न्यावा लागतो, आणि त्या काळी-पिवळीचे, जेवणाचे, मुक्कामाचे पैसे कुणीच देत नाही. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी दवाखान्यात 4,290 रुपये आणि खासगीत 27,347 रुपये निघाला होता. म्हणून आमचं मत असं, की साध्या आजाराला सरकारी दवाखाना आणि मोठ्याला योजना, दोन्ही चालू हवेत. सरकारनं एकावर खर्च करून दुसऱ्याला उपाशी ठेवलं तर योजनेचा पैसा शहरातल्या रुग्णालयांत जातो आणि गावाला वाट तुडवावी लागते. ती तक्रार ग्रामसभेत आणि आमदाराकडे जरूर करा, पण त्यासाठी स्वतःचं कार्ड पडून राहू देऊ नका.

विम्यात धडधाकट माणसंही का हवीत हे आपल्याच भागात फार आधी उमगलं होतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं साधारण 1980 च्या सुमारास गावांसाठी विमा सुरू केला, तो ज्वारीवर. सुगीच्या वेळी घरानं ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारात सवलत घ्यायची. गावातली निदान 75 टक्के घरं आली तरच ते गाव घ्यायचं असा नियम होता. फक्त आजारी माणसंच आली तर कोठी कितीही मोठी असली तरी रिकामी होते. खासगी कंपनी हाच धोका प्रतीक्षेच्या अटी लावून टाळते. सरकारी योजना सगळ्यांना आत घेऊन टाळते, म्हणून बाबांसारख्यांना तिथे जागा आहे.

आता कामाचं. योजना फसते ती बहुतेक कागदावर, आणि तीही रात्री दवाखान्याच्या दारात. म्हणून या आठवड्यात रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डं एका चटईवर पसरा आणि नावं अक्षर न अक्षर जुळवा. आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि रेशनवर ‘विठ्ठल’, जन्मतारखेत वर्षाचा फरक, सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर, असल्या गोष्टी तिथेच सापडतील. आधारची दुरुस्ती आधार केंद्रात, रेशनची तहसीलच्या पुरवठा शाखेत. धाकट्या लेकीचं नाव रेशनकार्डात चढवा आणि तोवर तिचा जन्मदाखला कागदांत ठेवा. मग सेवा केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडून प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू असला तर ओटीपीवर काम होतं, नसला तर बोटाच्या ठशावर. कापूस वेचणाऱ्यांच्या बोटांचे ठसे बरेचदा लागत नाहीत, म्हणून मोबाईल जोडून घेतलेला बरा. कार्ड मोफत आहे.

आजीचं कार्ड वेगळं काढा. 70 आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला पाच लाख फक्त ज्येष्ठांसाठी असतात, म्हणजे आजीच्या उपचारानं तुमच्या घराची मर्यादा कमी होत नाही. एजंटानं आजीला सोडलं होतं, कारण त्या वयाला हप्ता फार वाढतो. इथे तिला आधारकार्ड पुरतं.

दवाखाना आजच ठरवून ठेवा. 155388 किंवा 1800 233 2200 वर फोन करून विचारा, ‘हृदयासाठी, किडनीसाठी, हाडासाठी, मेंदूसाठी यवतमाळ आणि वर्ध्यात कोणती रुग्णालयं योजनेत आहेत?’ आजाराच्या विभागासकट विचारायचं हे विसरू नका, कारण रुग्णालय हाडासाठी योजनेत आणि हृदयासाठी बाहेर असू शकतं. नावं कागदावर लिहून कार्डांच्या पिशवीत ठेवा. वर्षातून एकदा पुन्हा विचारा, यादी बदलत असते.

प्रत्यक्ष वेळ आली तर पेशंट उतरवताच योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला गाठा. बिलिंगच्या खिडकीवर नाव लिहायच्या आधी म्हणा, ‘योजनेत भरती करायचं आहे.’ इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. घाबरून 20,000 डिपॉझिट भरतात, पेशंट ‘कॅश’मध्ये भरती होतो, आणि दोन दिवसांनी कार्ड दाखवलं की ‘आता बदलता येत नाही’ असं ऐकायला मिळतं. भरती झाल्यावर रुग्णालय रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. साध्या केसमध्ये ती साधारण 24 तासांत येते. तातडीच्या केसमध्ये फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात आणि कागद 72 तासांत द्यायचे असतात. म्हणून कार्ड घरी राहिलं म्हणून पेशंट थांबवू नका, 108 बोलवा आणि निघा, कागद घेऊन मागून दुसरा कुणी येईल. परवानगी परत आली तर ‘नाकारली’ ऐकून माघारी फिरू नका. कारण विचारा. बरेचदा ईकोचा रिपोर्ट किंवा अँजिओग्राफीची सीडी जोडलेली नसते, ती जोडून पुन्हा पाठवता येते.

मग दवाखाने पैसे का मागतात? पॅकेजचा दर ठरलेला असतो, तो खासगी दरापेक्षा कमी असतो आणि सरकारकडून यायला वेळ लागतो. काही जण तो फरक पेशंटकडून काढतात, ‘चांगल्या कंपनीचा स्टेंट’, ‘बाहेरची तपासणी’ असं काही सांगून. मंजूर पॅकेजवर पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर रोख देऊ नका. द्यावेच लागले तर मोबाईलवरून द्या, म्हणजे नोंद राहते. मग आधी आरोग्यमित्र, तिथे दाद लागली नाही तर 155388 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या, आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी अर्ज द्या. पेशंट अजून भरती असताना केलेली तक्रार लवकर सुटते. सुटीनंतर तक्रारीचं वजन कमी होतं. गावातल्या त्या माणसाकडे कागद शिल्लक असतील तर त्यालाही अर्ज करायला सांगा.

उलटाही प्रकार असतो. ‘मोफत तपासणी शिबीर’ म्हणून गाडी येते, माणसं शहरात नेतात, ठसे आणि फोटो घेतात आणि गरज नसलेल्या गोष्टी करून तुमच्या पाच लाखांतून पैसे उचलतात. ज्याचा त्रास आधी कधी झाला नाही त्याचं ऑपरेशन शिबिरात ठरलं, तर सही करण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला फाईल दाखवा.

राहिला चुकाऱ्यातला पैसा. बाबांचं नाव उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर-बीपीच्या रजिस्टरला नोंदवा आणि दर महिन्याला गोळ्या आणा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे. गोळ्या संपल्या असतील त्या महिन्यात जनऔषधी केंद्रातून घ्या, पण खंड पाडू नका. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन आणि पायाची तपासणी करून घ्या. बीपीच्या गोळीवर गेलेला रुपया कुठल्याही विम्यापेक्षा जास्त कमाई करतो, कारण त्यानं लकव्याचा धोकाच कमी होतो. ‘बरं वाटते म्हणून सोडली’ हे आपल्याकडे लकव्याच्या पेशंटच्या घरी हमखास ऐकू येतं.

बँकेत जाऊन दोन फॉर्म भरा. अपघाताची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, तुम्हा चौघांचे 80 रुपये. जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50, तुमचे आणि बायकोचे मिळून 872. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. एकूण 952 रुपये. हे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात आणि नेमके तेव्हा पेरणीसाठी खातं रिकामं केलेलं असतं, म्हणून विमा गुपचूप बंद पडतो. मे महिन्यात प्रत्येक खात्यात हप्त्यापुरते पैसे ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून बघा.

मग पोस्टात महिना 1,000 रुपयांची आवर्ती ठेव उघडा. वर्षाचे 12,000. सोबत्याचा खर्च, गाडीभाडं, मंजुरी येईपर्यंतच्या तपासण्या यासाठी हाच पैसा, लग्नाला किंवा बियाण्याला नाही. 18,000 मधले उरलेले पाच हजार बाबांच्या तपासण्यांना पुरतील. दोन-तीन वर्षांनी परिस्थिती सुधारली आणि खासगी पॉलिसी घ्यावीशी वाटली, तर तुम्ही, बायको आणि लेकरं एवढ्यांचीच घ्या. सही करण्याआधी खोलीभाड्याची मर्यादा, बिलातला तुमचा वाटा आणि यवतमाळ-वर्ध्यातली कॅशलेस रुग्णालयं, एवढ्या तीन गोष्टी कागदावर बघा.

एजंटाला दिलेल्या 2,000 ची पावती विमा कंपनीच्या नावाची आहे का ते आजच बघा. फॉर्म कंपनीकडे गेला नसेल तर एजंटाकडून फॉर्म आणि पैसे परत मागा. पॉलिसी निघाली असेल तरी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. कंपनी त्या दिवसांचा हप्ता, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च वजा करून बाकी पैसे देते. अर्ज कंपनीच्या शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचा तक्रार क्रमांक 155255 आहे.